परदेशी निघालात? ही शिदोरीही बांधून घ्या



भाताची झोडणी आटोपते, शेताच्या ओलीवर टाकलेला वाल उगवून वर येतो आणि मग आपल्याकडच्या माणसाला जरा पाठ टेकायला सवड मिळते. नेमक्या याच दिवसांत बदलापूर-अंबरनाथकडचा एखादा शेतकरी आमच्या कार्यालयाच्या दाराशी घुटमळतो. आत येतो, खुर्चीच्या कडेवर बसतो, वालावरच्या माव्याचे विचारतो, चहा घेतो. उठता उठता खरा प्रश्न बाहेर पडतो : "साहेब, ते परदेशच्या दौऱ्याचे काय आहे? आणि समजा नाव लागलेच, तर आम्हाला जमेल का हो तिथे फिरायला?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लवकर संपते. शेतकऱ्यांनी बाहेरच्या देशांतील शेती डोळ्यांनी पाहावी, म्हणून राज्याच्या कृषी विभागाची अभ्यास दौऱ्यांची योजना आहे. खर्चाचा निम्म्यापर्यंतचा भाग, ठरलेल्या मर्यादेत, सरकार देते; उरलेला ज्याचा त्याने घालायचा. ही मर्यादा, देशांची यादी आणि अर्जाची मुदत साला-सालाला बदलते, म्हणून ती तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयातच विचारून घ्यावी. कोणी परस्पर सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये.

दुसरा प्रश्न मोठा आहे. निम्मे पैसे गाठीचे घालायचे म्हणजे कोणी वर्षभर डेअरीला घातलेल्या दुधाचे साठवलेले असतात, कोणी सोसायटीकडे हात पसरलेला असतो. एवढे करून तिथे जायचे आणि चुकण्याच्या भीतीने आठ दिवस दुसऱ्याच्या सदऱ्याचे टोक धरून हिंडायचे, हे काही खरे नव्हे. शिवाय हल्ली केवळ सरकारी दौऱ्यावरचेच लोक जातात असे नाही. मुलगा नोकरीला बाहेर जातो, लेक बाळंतपणाला आईला बोलावून घेते, आणि जिने आयुष्यात कल्याणपुढे एकटीने प्रवास केलेला नाही अशी माउली हातात तिकीट घेऊन विमानतळावर उभी राहते. हा लेख त्या सर्वांसाठी आहे.

भीती बहुतेक भाषेची असते. तिचा निकाल आधी लावू. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराला, ज्यावर १०६० सालचा शिलालेख आहे, एखादा परदेशी पाहुणा येतो. त्याला मराठी येत नाही. तो स्टेशनाबाहेर उतरतो, मोबाईलवर देवळाचा फोटो दाखवतो आणि आपला रिक्षावाला त्याला बरोबर देवळापाशी सोडतो. दोघांपैकी कोणाचे काही अडत नाही. तिथे तुम्ही पाहुणे, एवढाच फरक.

आणि उल्हासनगर तर आपल्या शेजारीच आहे. १९४७ साली फाळणीत सिंधमधून निघालेली माणसे कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिली, १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्या लोकांना आपली बोली ठाऊक नव्हती, मुलूख ठाऊक नव्हता, सोबत पैसा नव्हता आणि परतीचे तिकीटही नव्हते. आज त्यांची नातवंडे दुकानात बसून तुमच्याशी अस्सल मराठीत भाव करतात. विचारायला ती माणसे लाजली नाहीत, एवढेच त्यांचे भांडवल. तुम्हाला तर आठ-दहा दिवसच काढायचे आहेत.

कागद आधी, कपडे मागाहून

पासपोर्ट काढायला वेळ लागतो, म्हणून दौऱ्यात नाव लागण्याची वाट पाहू नका. अर्ज संगणकावर भरायचा, शुल्क १,५०० रुपये, आणि दिलेल्या दिवशी मूळ कागद घेऊन केंद्रावर जायचे. आपल्याला ठाण्याचे वागळे इस्टेटमधील केंद्र सोयीचे. मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो, मात्र बहुतेक देश प्रवासाच्या वेळी त्याची निदान काही महिने मुदत शिल्लक मागतात. सहा महिने धरून चाला.

खरी अडचण नावाची होते. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. बायकांच्या बाबतीत तर माहेरचे एक आणि सासरचे एक. तिकिटावरचे नाव पासपोर्टावरच्या नावाशी अक्षराला अक्षर जुळावे लागते, नाहीतर विमान कंपनीची माणसे दारातूनच परत पाठवू शकतात. तेव्हा आधी कागदांवरचे नाव एक करून घ्या.

दहावी न झालेल्या आणि पन्नाशीच्या आतल्या माणसाच्या पासपोर्टावर बहुधा 'ईसीआर' असा शिक्का येतो. तो पाहून घाबरू नये. आखातातल्या व इतर काही ठराविक देशांत नोकरीला जाताना अशा माणसाला सरकारची वेगळी परवानगी लागते. सहलीला, दौऱ्याला किंवा लेकीकडे जाताना ती लागत नाही. हा नियम गरिबाला फसवणाऱ्या दलालांपासून वाचवण्यासाठी आहे. म्हणून गावातला कोणी सुटाबुटातला माणूस तुमच्या पोराला म्हणाला, "पाहुणा म्हणून व्हिसा काढू, तिकडे गेल्यावर कामाला लावून देतो", तर त्याला पाणी पाजून वाटेला लावा. पाहुण्याच्या व्हिसावर काम करणे गुन्हा आहे आणि अडकतो तो पोरगा, दलाल नव्हे.

युरोपात जायचे तर व्हिसासाठी प्रवासी विमा सक्तीचा आहे, निदान ३० हजार युरो औषधपाण्याच्या खर्चाचा. हा विमा कागदोपत्री घेऊन ट्रंकेच्या तळाशी टाकू नका. तिथे साधा पाय मुरगळला तरी दवाखान्याचे बिल ऐकून घेरी येईल. विम्याचा फोन क्रमांक वहीत लिहून ठेवा. रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पूर्ण दिवसांच्या गोळ्या, वर चार दिवसांच्या जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ वेष्टनात हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. मोठी बॅग मागे राहू शकते, रक्तदाब थांबत नाही.

कल्याणचा फलाट हीच शाळा

आता फिरण्याचे. मी दौऱ्यावर जाणाऱ्यांना एकच गृहपाठ देतो. निघण्याआधीच्या एखाद्या रविवारी भरलेली बॅग घेऊन, बायकामुलांसह, बदलापूरहून विमानतळापर्यंत जाऊन परत या. गाडीने घाटकोपर, तिथून वर्सोव्याच्या मेट्रोने मरोळ नाका, तिथे खाली उतरून भुयारी मेट्रोने पुढचेच स्थानक, ते विमानतळाचे टर्मिनल दोन. लोक हसतात. म्हणतात, विमानात बसायचे नाही तर तिथे जाऊन काय करायचे? पण या एका फेरीत परदेशातले निम्मे शिक्षण होते.

कसे ते पाहा. कल्याणला गाड्यांच्या दोन वाटा फुटतात. पाटी न वाचता गाडीत चढलेला आणि उल्हासनगरऐवजी टिटवाळ्याला पोहोचलेला माणूस प्रत्येक गावात निदान एक सापडेल. गाडी तीच दिसते, फलाटावरची गर्दीही तीच, फरक फक्त पाटीवर असतो. परदेशातही नेमके असेच आहे. गाडीचे शेवटचे स्थानक, फलाटाचा क्रमांक आणि सुटण्याची वेळ, या तीन गोष्टी पाटीवरून ताडून पाहिल्याशिवाय पाय उचलायचा नाही. युरोपात काही गाड्यांचे डबे वाटेत सुटे होऊन दोन दिशांना जातात, म्हणून तिथे डब्यावरची पाटीही वाचावी लागते. आपल्या लोकलला पहिल्या वर्गाचा डबा असतो तसा तिथेही असतो, दाराशी १ किंवा २ आकडा लिहिलेला. नेदरलँड्समध्ये काही डबे शांततेचे असतात, त्यात मोठ्याने बोलायचे नाही. आपल्या मंडळींना हे जरा जड जाते. शेताच्या बांधावरून बोलायची सवय.

घाटकोपरला मेट्रोच्या फाटकात तिकीट दाखवले की फाटक उघडते आणि बाहेर पडताना तेच पुन्हा दाखवावे लागते. नेदरलँड्समध्ये रेल्वे, बस, ट्राम सर्वांना असेच आहे. बँकेचे कार्ड चढताना टेकवायचे आणि उतरताना त्याच कार्डाने पुन्हा टेकवायचे. उतरताना विसरलात तर भाड्यापेक्षा जास्त रक्कम कापली जाते. ही सवय इथे वीस रुपयांत लागत असेल तर तिथे शेकड्याने पैसे का घालवा? सरकत्या जिन्याचेही तसेच. लुगडे किंवा पातळ नेसणाऱ्या भगिनींनी निऱ्या हातात धरून पाऊल टाकायचे, उजव्या बाजूला उभे राहायचे, डावी बाजू घाईतल्यांना मोकळी सोडायची. चार वेळा वर-खाली केले की भीती जाते.

मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तेव्हा मेट्रो बंद असते. म्हणून प्रत्यक्ष जाण्याच्या दिवशी संध्याकाळीच निघा, नाहीतर चौघांत गाडी करा. विमानाच्या तीन तास आधी पोहोचायचे. आणि इथे एक खड्डा आहे, त्यात शिकलेली माणसेही पडतात. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, विमानाचा मध्यरात्री. तिकिटावर १५ तारीख आणि रात्रीचा १ वाजून २० मिनिटे असे असेल, तर तुम्ही घरातून १४ तारखेला संध्याकाळी निघायचे आहे. १५ च्या संध्याकाळी हार-तुरे घेऊन निघालात तर विमान तिकडे पोहोचलेलेही असेल. विमानतळाचे नावही वाचा. २०२५ सालापासून नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे, आणि सहार ते पनवेल हे अंतर बॅगा घेऊन धावण्यासारखे नाही.

विमानतळात क्रम असा : दारात तिकीट व पासपोर्ट दाखवणे, खिडकीवर मोठी बॅग देऊन बसण्याची चिठ्ठी घेणे, पासपोर्टावर शिक्का, अंगझडती, आणि मग चिठ्ठीवर लिहिलेल्या दरवाजापाशी जाऊन बसणे. वाटेत दुकाने फार. त्यात रमू नये, आधी आपला दरवाजा पाहून यावा. हातातल्या पिशवीत अडकित्ता, चाकू, कात्री, पाण्याची भरलेली बाटली चालत नाही. तेल, लोशन अशा पातळ वस्तूंची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी नसावी. उलट मोबाईलची बॅटरी-पेटी, जिला पॉवर बँक म्हणतात, ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवावी. सुके खोबरे तेलकट असल्यामुळे विमानात पेट घेणाऱ्या मालात धरतात. ते घरीच ठेवा. मोठ्या बॅगेला खणाच्या रंगीत कापडाची चिंधी बांधा, कारण सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर सगळ्याच बॅगा काळ्या असतात. थंडीचे जाकीट मात्र दादरला जाऊन महागाचे घेऊ नका. 'यूएसए'चा माल म्हणून आपण ज्या गावाची थट्टा करतो, त्या उल्हासनगरच्या बाजारात ते निम्म्या पैशात मिळते आणि टिकतेही.

एकट्या जाणाऱ्या आईबापांसाठी एक सोय मुद्दाम सांगतो. तिकीट काढतानाच 'चाकाच्या खुर्चीची मदत हवी' असे नोंदवता येते. त्यासाठी पांगळे असावे लागत नाही, वय आणि गुडघेदुखी पुरते. विमान कंपनीचा माणूस दारापासून विमानापर्यंत नेतो आणि वाटेत विमान बदलायचे असेल तिथेही पुढच्या विमानात बसवून देतो. मावशी म्हणतात, "लोक काय म्हणतील?" तिथे तुम्हाला ओळखते कोण?

आमचे काका आणि तो एक तास

आता माझीच एक चूक सांगतो. एका दौऱ्यात मी नेदरलँड्सला गटाबरोबर होतो. सहसा सर्व फिरणे बसने होते. तिथे बसच्या चालकाला कायद्याने साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटे विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाला साधारणपणे ९ तासांवर गाडी चालवता येत नाही. गाडीतले यंत्र सर्व नोंद ठेवते. म्हणून "दोन मिनिटं थांबा हो" हे वाक्य तिथे चालत नाही. गटातल्या एकाने अर्धा तास घालवला तर शेवटचे शेत बघायचे राहून जाते. असेच एक दिवस बस मिळणार नव्हती आणि आम्ही आठजण रेल्वेने वाखेनिंगेनकडे निघालो. तिथे मोठे शेती विद्यापीठ आहे. गाडी उट्रेख्टहून होती. उट्रेख्ट म्हणजे त्यांचे कल्याण जंक्शन समजा, गाड्यांमागून गाड्या.

कोणी हरवू नये म्हणून आठही जणांचे पासपोर्ट मी माझ्याच बॅगेत ठेवले होते. मला वाटले, केवढी ही जबाबदारीची गोष्ट! गाडी आली, आम्ही चढलो. आमच्यातले एक काका, बारवी धरणाच्या बाजूला भात आणि काकडी करणारे, पासष्टीचे, फलाटावरच्या घड्याळाकडे पाहत मागे राहिले. दार बंद झाले. मी आत, काका बाहेर, मध्ये काच. त्यांचा मोबाईल होता, पण त्यात तिथले कार्ड घातलेले नव्हते. पैसे वाचवायला आम्ही तिघांत मिळून एकच घेतले होते. आणि त्यांचा पासपोर्ट माझ्या मांडीवरच्या बॅगेत. त्या देशात पोलिसाने विचारले तर ओळखीचा कागद दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे. काकांच्या खिशात गायछापची पुडी होती आणि कागदाचा एक तुकडा.

पुढच्या थांब्यावर उतरून, उलटी गाडी पकडून परत येईपर्यंत तासाभराचा वेळ गेला. त्या तासात माझ्या मनात काय काय आले ते लिहीत नाही. काकूंना काय तोंड दाखवू, एवढेच पुरे. परतलो तर काका त्याच फलाटावर, त्याच घड्याळाखाली उभे. हलले नव्हते. शेजारी रेल्वेचा एक गणवेशातला माणूस, हातात काकांच्या खिशातला कागद. तो कागद त्यांच्या नातीने, बदलापूरच्या शाळेत सातवीत शिकणाऱ्या पोरीने, निघताना लिहून दिला होता : आजोबांचे नाव, हॉटेलचे नाव व पत्ता, आमच्या तिथल्या मार्गदर्शकाचा फोन, आणि खाली इंग्रजीत एक ओळ, की मी भारतातला शेतकरी आहे, माझ्या गटापासून चुकलो आहे, कृपया या क्रमांकावर फोन करा. त्या माणसाने फोन केलाही होता.

मी विचारले, "काका, तुम्ही पुढची गाडी पकडली नाहीत हे फार बरे केलेत. कोणी सांगितले होते?" ते म्हणाले, "म्हसोबाच्या जत्रेत आई सांगायची, चुकलास तर हिंडू नको. जिथं हात सुटला तिथंच उभा राहा. मीच येईन."

या एका वाक्यासाठी मी त्यांना आजही मानतो. चुकलेला माणूस आणि शोधणारा माणूस दोघेही फिरायला लागले की भेट होत नाही. म्हणून निघण्याआधीच गटात ठरवून ठेवा : मागे राहिलेल्याने हलायचे नाही, पुढे गेलेल्यांनी पुढच्याच थांब्यावर उतरून परत यायचे. आणि पासपोर्ट ज्याचा त्याच्याजवळ, सदऱ्याच्या आत, गळ्यातल्या किंवा कमरेच्या कापडी पिशवीत. तेव्हापासून मी कोणाचाही पासपोर्ट हातात घेत नाही. त्याची झेरॉक्स मोठ्या बॅगेत, फोटो मोबाईलमध्ये आणि दुसरी झेरॉक्स घरी ठेवा. हरवलाच, तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग तिची प्रत घेऊन भारतीय वकिलातीत जायचे. तिथून परत येण्यापुरता तात्पुरता कागद मिळतो. नेदरलँड्समध्ये आपली वकिलात हेग शहरात आहे. अडीअडचणीचा फोन युरोपात ११२, आपल्याकडेही ११२. लक्षात ठेवायला सोपे.

मोबाईलचेही सांगायला हवे. भाषांतराचे आणि नकाशाचे साधन घरीच उतरवून घ्या, आणि इंटरनेट नसतानाही चालेल असे साठवून घ्या. मोबाईल पाटीसमोर धरला की ती आपल्या भाषेत दिसते; हे काम मुले पाच मिनिटांत शिकवतात, त्यांच्याकडून शिकून घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पण बॅटरी संपते. नातीचा कागद संपत नाही.

रस्ता, पाणी आणि पोट

युरोपात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपण रस्ता ओलांडताना सवयीने आधी उजवीकडे पाहतो आणि गाडी येते डावीकडून. इथे जीव जाऊ शकतो. दोन्हीकडे पाहा आणि हिरवा माणूस दिसल्याशिवाय उतरू नका. जपान, थायलंड, मलेशिया इथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. नेदरलँड्समध्ये आणखी एक जाच सायकलींचा. तांबूस रंगाची पट्टी दिसली की ती सायकलींची वाट समजा. तिच्यावर उभे राहून फोटो काढू नका. सायकलवाली बाई सुसाट येते आणि तिची चूक नसते.

घड्याळ तिथे उतरताच लावून घ्या. युरोपच्या त्या भागात हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे वेळ असते, उन्हाळ्यात साडेतीन. घरी फोन करताना हे धरून चला. तिथली रात्री दहाची वेळ म्हणजे इथली मध्यरात्र उलटलेली, आणि अशा अवेळी फोन वाजला की घरच्यांच्या काळजात धस्स होते.

संडासात पाणी नसते, कागद असतो. लाजायचे काय, एक छोटी प्लास्टिकची बाटली पिशवीत ठेवा. स्टेशनवरच्या संडासाला पैसे पडतात, म्हणून हॉटेलातून निघतानाच जाऊन या. पिण्याचे पाणी मात्र नेदरलँड्समध्ये नळाचे चांगले असते. विकतची बाटली घेऊन पैसे घालवू नका.

खाण्याचे हाल माळकऱ्यांचे होतात. 'मांस नाही, मासे नाहीत, अंडे नाही' हे तिथल्या भाषेत कागदावर लिहून घ्या, कारण शाकाहारी म्हटले की ते अंडे घालूनच देतात. सोबत चिवडा, तिळाची चटणी, मेतकूट, कोरडी भाजणी न्यावी. पण युरोपात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप, काही नाही. ताजी फळे-भाजी न्यायची तर रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. तेव्हा आपला आंबा आणि बदलापूरचे जांभूळ कितीही नावाजलेले असो, ते घरीच खाऊन निघावे. दुबईला जाणाऱ्यांनी खसखस मुळीच नेऊ नये. आपल्याकडे अनारशाला लावतात, तिथे ती अमली पदार्थात मोडते आणि माणूस तुरुंगात जातो.

आता माझ्या खात्याचा विषय. तिथे फुलशेती पाहून, ट्यूलिपचे कांदे पाहून, टोमॅटोचे घड पाहून प्रत्येक शेतकऱ्याचा हात खिशाकडे जातो. एक बी, एक काडी, चिमूटभर माती. नेऊ नका आणि आणू नका. परदेशातून बी, रोप, कलम आणायला आपल्याकडे २००३ सालच्या आदेशानुसार आधी परवाना आणि तिथल्या सरकारचा दाखला लागतो. विमानतळावर सापडले तर माल जप्त होतो, पण सापडले नाही तर ते त्याहून वाईट. त्या एका काडीवरून आलेला रोग तुमच्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही मळ्यात जातो. फोटो काढा, जातीचे नाव वहीत लिहून आणा, आम्ही इथे चौकशी करू.

जनावरांचे तर याहून कडक. तिथल्या गोठ्यात शिरताना ते तुम्हाला प्लास्टिकचे मोजे आणि झगा घालायला देतील. तो अपमान समजू नका. २००१ साली लाळ्या-खुरकुताने ब्रिटनमध्ये साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, आणि २०२५ च्या जानेवारीत तो रोग जर्मनीत पुन्हा निघाला. आपल्या देशात हा रोग आहे, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून घरच्या गोठ्यात घातलेली चप्पल दौऱ्यावर नेऊच नका. बूट नवे नसतील तर तळ ब्रशने घासून, वाळवून मगच बॅगेत ठेवा.

परत येतानाही तेच. तुम्ही दारात पोहोचाल तेव्हा सून भाकरतुकडा ओवाळायला उभी असेल, आणि तुमचे पाय आधी गोठ्याकडे वळतील, कारण आठ दिवसांत म्हैस पाहिलेली नसते. बूट अंगणातच काढून ठेवा. कपडे उतरवून गरम पाण्यात टाका, आंघोळ करा, आणि परदेशातल्या गोठ्यात जाऊन आला असाल तर निदान पाच-सहा दिवस धार दुसऱ्याला काढू द्या. म्हैस हंबरेल, पण थांबेल.